घाटाचा राजा आणि घाटाचा देव

खोपोली मागे पडली की जुन्या मुंबई–पुणे रस्त्याचा खरा चढ लागतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी पनवेल, चौक, खालापूर हा पट्टा घोळक्याने कापत आलेले सायकलस्वार इथे एकेक करून सुटे होतात. कुणी दात-ओठ खात पुढे सरकतो, कुणी मागे राहतो, कुणी उतरून सायकल हातात धरतो. शर्यतीचा निकाल पुण्यात लागतो, पण बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यासाठी वेगळा किताब राखून ठेवलेला असतो: ‘घाटाचा राजा’. सायकलवाल्यांमध्ये या किताबाची ऐट काही औरच आहे, आणि तिला कारणही आहे. सपाटीवर दुसऱ्याच्या पाठीमागे दडून वारा चुकवता येतो आणि शेवटच्या शंभर मीटरांत उसळी मारून पहिला नंबर काढता येतो. चढावर वेगच इतका पडतो की पुढच्याच्या आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही. तिथे ज्याचे पाय, त्याची वाट.

त्याच चढावर रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटातून जाणारे ट्रकवाले, टेम्पोवाले, जुन्या वळणाचे मोटारवाले तिथे वेग कमी करतात, हात जोडतात, नाणं टाकतात. शिंग्रोबा हा या डोंगरातला धनगर. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांना कोकणातून घाटमाथ्यावर जायला वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबाने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून ती दाखवली. काय बक्षीस हवं असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कुणी ही कथा सडकेच्या संदर्भात सांगतो, कुणी रेल्वेच्या.

इतिहासाच्या कसोटीला ही कथा जशीच्या तशी उतरणार नाही. बोरघाटाची वाट इंग्रजांच्या आधी दीड-दोन हजार वर्षं वाहती होती. घाटमाथ्यावरची कार्ल्याची लेणी याच वाटेवरच्या व्यापाराने पोसलेली. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलं, तेही याच वर्दळीसाठी. पण साहेबाच्या दुर्बिणीला जे दिसत नव्हतं ते धनगराच्या पायांना ठाऊक होतं, हा कथेचा गाभा न पटण्यासारखा नाही. आणि देऊळ उभं आहे ते त्या गाभ्यावर.

म्हणजे एकाच चढावर दोन मान आहेत. एक राजाचा, दर शर्यतीला नव्या माणसाला मिळणारा. दुसरा देवाचा, कायमचा, आणि तोही अशा माणसाला जो कोणतीच शर्यत जिंकला नाही; उलट कथेप्रमाणे जिवाला मुकला. क्रीडापानावरचा विजेता आणि देवळीतला शेंदूर लावलेला वाटाड्या यांच्यामध्ये धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा आहे: एखादं कर्म तडीला गेलं, तर ते नेमकं कुणाचं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाचा जवळजवळ हिशेबनिसाच्या थाटात जमाखर्च मांडलेला आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली-प्रयत्न, आणि पाचवं दैव. आणि लगेच पुढे म्हटलं आहे की पाच कारणं असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे देह. घाटाबद्दल बोलताना पायाखालची जागा असा त्याचा साधा अर्थ घेतला तर फारसं बिघडत नाही. गंमत अशी की या यादीत कर्त्याला वगळलेलं नाही. तो आहे, पण पाचांतला एक आहे. ‘माणूस काहीच करत नाही, सगळं तो वरचा करतो’ हे कीर्तनात ऐकू येणारं सोपं समाधान गीता इथे देत नाही.

हा हिशेब घेऊन बर्फात जायला हरकत नाही, कारण लांब पल्ल्याच्या शर्यतींची एक जुनी आणि हट्टी परंपरा उत्तर युरोपात आहे. स्वीडनमध्ये दर मार्चमध्ये ‘वासालोपेत’ ही स्कीइंगची शर्यत होते. सेलेन ते मूरा, ९० किलोमीटर. पहिली शर्यत १९ मार्च १९२२ रोजी झाली. ११९ जण धावले आणि बावीस वर्षांचा एर्न्स्ट आल्म साडेसात तासांच्या वर थोडी मिनिटं घेऊन जिंकला. अलीकडे हेच अंतर साडेतीन तासांच्या आतही कापलं गेलं आहे. या शर्यतीचा सर्वांत लाडका विजेता म्हणजे नील्स कार्लसन, ऊर्फ ‘मूरा-निस्से’. १९४३ ते १९५३ या काळात त्याने ती नऊ वेळा जिंकली, आणि मध्ये १९४८ मध्ये सेंट मोरित्झच्या ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटरचं सुवर्णपदकही आणलं.

पण शर्यत कुणाच्या आठवणीत भरते? इथे शिंग्रोबाची हटकून आठवण व्हावी अशी कथा आहे. १५२०–२१च्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठाव करा, असं सांगत तरुण गुस्ताव वासा मूरा गावात आला. गावकऱ्यांनी कचखाऊपणा केला. तो निराश होऊन नॉर्वेच्या दिशेने निघाला. मागाहून राजाच्या अत्याचारांच्या बातम्या पोचल्या, गावाचं मत फिरलं आणि त्याला परत आणायला दोन तरबेज स्कीवाले धाडण्यात आले: लार्स आणि एंगेलब्रेक्ट. त्यांनी त्याला सेलेनजवळ गाठलं. गुस्ताव पुढे १५२३ मध्ये स्वीडनचा राजा झाला. या कथेतला कितपत भाग खरा, यावर तिथल्या इतिहासकारांनाही शंका आहेत. शर्यतीला नाव मात्र राजाचं मिळालं. बर्फ तुडवत त्याला गाठणारे दोघे कथेत आहेत, शर्यतीच्या नावात नाहीत.

नॉर्वेने याबाबतीत अधिक न्याय केला, असं म्हणावं लागतं. तिथली ‘बिर्केबाइनर’ शर्यत १९३२ पासून होते. १२०६ साली यादवीच्या धामधुमीत हाकोन नावाच्या तान्ह्या राजपुत्राला दोन योद्ध्यांनी स्कीवरून डोंगर ओलांडून सुखरूप नेलं. शर्यतीचं नाव या योद्ध्यांच्या गटाचं आहे, राजपुत्राचं नाही. आणि प्रत्येक स्पर्धकाने पाठीवर साडेतीन किलोंचं ओझं वागवायचं असा नियम आहे, त्या बाळाची खूण म्हणून. पहिला येणाराही कुणाचं तरी ओझं वाहूनच पहिला येतो. गीतेचा तो श्लोक ज्यांनी कधी ऐकला नसेल, त्यांनी तो नियमावलीत आणून बसवला आहे.

कर्त्याकडे वळलं की प्रकरण अवघड होतं. ‘ज्याचे पाय, त्याची वाट’ असं वर म्हटलं खरं; पण पाय तरी कुणाचे? फिनलंडचा एरो मॅन्टिरांटा हा गेल्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ स्कीपटूंपैकी एक. ऑलिंपिकची सात पदकं, त्यांतली तीन सुवर्ण. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी इतक्या जास्त असत की लोकांना उत्तेजकांचा संशय येई. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून कळलं की त्याच्या घराण्यातच एका जनुकात बदल झालेला आहे. शरीर तांबड्या पेशी अधिक बनवतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद वाढते. घराण्यातल्या इतर अनेकांतही तो बदल होता. ते सगळे काही विजेते झाले नाहीत, म्हणजे मॅन्टिरांटाची मेहनत खोटी नव्हती. पण तेवढीच मेहनत करून मागे राहिलेल्याला काय सांगायचं? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा समाजव्यवस्थेच्या संदर्भात मांडला. जन्मजात गुण ही कुणाची कमाई नाही, त्यामुळे त्यांच्या फळावर ‘हे माझंच’ असा नैतिक दावा सांगता येत नाही. अठराव्या अध्यायापासून रॉल्स फार लांब नाहीत. फक्त त्यांचा रोख मोक्षाकडे नसून वाटणीकडे आहे.

साधनाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सांघिक स्प्रिंटमध्ये कॅनडाच्या सारा रेनरची हातातली काठी मोडली. काठीविना स्कीवर चढ चढणं म्हणजे एका हाताने झाडावर चढणं. कडेला उभ्या असलेल्या नॉर्वेच्या प्रशिक्षकाने, ब्यॉर्नार होकेन्समून यांनी, आपल्याजवळची काठी तिच्या हाती दिली. कॅनडाला रौप्य मिळालं. नॉर्वे चौथं आलं. कॅनडाच्या लोकांनी नंतर नॉर्वेला पाच टनांच्या आसपास मेपल सिरप पाठवलं. ते गोड होतंच, पण प्रश्न तसाच राहिला: त्या रौप्यपदकात किती हिस्सा प्रतिस्पर्ध्याचा? पदकाच्या मागे तो कोरण्याची सोय नाही.

चेष्टा, म्हणजे प्रयत्नांची गुंतागुंत, यावर १९२८ ची वासालोपेत पुरेशी आहे. पेर-एरिक हेडलुंड आणि स्वेन उटरस्ट्रोम या दोघांनी शेवटची रेषा बरोबरीने ओलांडायचं ठरवलं. पंचांना हे मानवलं नाही. त्यांनी हेडलुंडला पहिला ठरवलं. दोघांनी मिळून केलेल्या कर्माचा एकच कर्ता शोधून काढण्याचा हा सरकारी खाक्या जगभर सारखाच दिसतो.

आणि दैव? १९३२, १९३४ आणि १९९० या वर्षी वासालोपेत झालीच नाही, कारण बर्फच पडलं नाही. त्यातल्या १९३२ मध्येच, इकडे धुळ्याच्या तुरुंगात, विनोबा भावे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं देत होते आणि साने गुरुजी ती टिपून घेत होते. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. फलत्याग हा त्यांच्या प्रवचनांचा कणा. वर्षभर तयारी करून बर्फाअभावी घरी बसलेल्या स्वीडिश स्कीवाल्याला तो विषय शिकवावा लागला नसता.

आता अधिष्ठान, म्हणजे जमीन. याबाबतीत खालापूर तालुक्याला स्वीडनकडून काही शिकायची गरज नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाएस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरला. चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत, दाट झाडीत आणि अरुंद वाटेत, शिवाजी महाराजांच्या तुलनेने लहान सैन्याने त्याला असा कोंडला की मोगल फौजेला हलता येईना. पाणी नाही, पुढे वाट नाही, मागे वाट नाही. बरोबर असलेल्या रायबागन या अनुभवी सरदारणीने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने खंडणी देऊन, सामान टाकून जीव वाचवला. या लढाईतली बुद्धी महाराजांची, पण शस्त्र खिंडीचं होतं. आणि खिंड निवडायची तर तिथल्या प्रत्येक पाऊलवाटेची माहिती असलेली माणसं हवीत. त्यांची नावं बखरीत नाहीत.

इथवर सगळं ठीक आहे. पाच कारणांचा विचार विजेत्याचा माज उतरवतो, वाटाड्याला देव करतो, पाठीवर ओझं देतो. पण या विचाराला एक धारदार कड आहे आणि ती बोरघाटातच बोटाला लागते.

अठराव्या अध्यायात पुढचीच पायरी अशी आहे: ज्याच्या मनात ‘मी केलं’ हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने लोकांना मारलं तरी तो मारत नाही, बांधलाही जात नाही. भाविक वाचक इथे घाईने पुढे जातो. पण थांबायला हवं. विजय माझा नाही हे मान्य केलं, तर गुन्हाही माझा नाही असं म्हणायला मोकळीक मिळते. मग शिंग्रोबाला गोळी घालणारा कथेतला साहेबही म्हणू शकेल की बंदूक करण होती, आज्ञा वरून आली होती, उरलेलं दैव.

हा निव्वळ तर्कातला पेच नाही. पळसदरीहून खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्येच पोचली होती. तिथून पुढे प्रवासी पालखीने, तट्टाने घाट चढून खंडाळ्याला जात. त्याच साली कर्जतच्या बाजूने घाटात लोहमार्ग बांधायला सुरुवात झाली. ३७ फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे पूल. काम भरात असताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात होते: दोरावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारे, पाट्या वाहणारे, बायाबापड्या. कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारोंनी माणसं मेली. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराचं काम सुटलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हाती घेऊन काम पुढे नेलं. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या उपस्थितीत हा घाट खुला झाला. अ‍ॅलिसचं नाव अलीकडे आवर्जून घेतलं जातं, ते रास्तच आहे. दोरावरच्या माणसांची नावं घ्यायची तर कुठून घेणार?

त्या मृत्यूंना कुणी दैव म्हटलं असेल. कॉलरा म्हणजे दैवच, असं तेव्हा इकडचेही म्हणत आणि तिकडचेही. पण अस्वच्छ पाणी, दाटीवाटीच्या झोपड्या आणि थकवलेली मजुरी यांना दैव म्हणणं ही चलाखी आहे. पाच कारणांची यादी कंत्राटदाराच्या हातात पडली की ती जबाबदारी पातळ करण्याचं यंत्र होते. प्रत्येक जण उरलेल्या चार कारणांकडे बोट दाखवतो. आजही पूल कोसळल्यावरच्या चौकशीत हेच चालतं.

म्हणून हा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखा चालू द्यायचा का, हा खरा प्रश्न. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्मयोग मांडला तो जबाबदारी झटकण्यासाठी नव्हे, हे मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढलेल्या माणसाबद्दल वेगळं सांगायला नको. विनोबांचा फलत्यागही स्वतःच्या फळाचा आहे. दुसऱ्याच्या मजुरीचा त्याग करण्याचा अधिकार कुणालाच नाही. यातून निघणारी वाट थोडी वाकडी आहे, पण चालण्याजोगी आहे. श्रेय पाच ठिकाणी वाटावं, दोष मात्र आधी आपल्या पदरात घ्यावा. तर्कशास्त्राला ही विषमता खटकेल. कर्त्याचा वाटा यशात एकपंचमांश आणि अपयशात पूर्ण, हे गणित कसं जमायचं? ते जमत नाहीच. पण गीता ज्याला उपदेश करते तो योद्धा आहे, न्यायाधीश नव्हे. तिथे ‘हे मी केलं नाही’ हे वाक्य कुणाच्या तोंडी आणि केव्हा येतं, यावर त्याचं मोल ठरतं. जिंकलेल्याच्या तोंडी ते नम्रता असते, कंत्राटदाराच्या तोंडी पळवाट.

१९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधला प्रसंग या वाक्याची योग्य जागा दाखवतो. दहा किलोमीटरची शर्यत नॉर्वेच्या ब्यॉर्न देलीने जिंकली. सगळ्यांत शेवटी धडपडत येत होता केनियाचा फिलिप बोइट, ज्याने बर्फ पाहूनच फार वर्षं झाली नव्हती. देली अंतिम रेषेपाशी त्याची वाट पाहत थांबला आणि त्याला मिठी मारली. बोइटने पुढे आपल्या मुलाचं नाव देली ठेवलं. नॉर्वेत जन्मलेल्या मुलाला स्की आणि बर्फ आयतं मिळतं, हे विजेत्याने न बोलता कबूल केलं होतं. भाषण केलं असतं तर कदाचित खोटं वाटलं असतं.

शिंग्रोबापुढे टाकलेलं नाणंही याच जातीचं आहे. एक्सप्रेसवेवर टोल भरला की रस्त्याचा व्यवहार संपतो. पावती मिळते, आता तर फास्टॅगमुळे थांबावंही लागत नाही. नाण्याची पावती नसते आणि ते दर खेपेला टाकावं लागतं, कारण फिटायचं म्हणून ते टाकलेलंच नसतं. पितृऋण, ऋषिऋण, देवऋण हे शब्द पाठ नसलेला क्लीनरही ते टाकतो. अर्थात त्यात भीतीचा भाग आहेच. घाटात ब्रेक फेल होऊ नये, हा हेतू कुणी लपवत नाही. निष्काम कर्माच्या कसोटीवर ते नाणं शंभर नंबरी उतरणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

सायकलींना एक्सप्रेसवेवर बंदी आहे. त्यामुळे घाटाचा राजा ठरायचा तो जुन्याच रस्त्यावर, वळणावळणाने, शिंग्रोबापुढूनच. एक्सप्रेसवेच्या खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ची आखणी मात्र बोगद्यांतून आणि दरीवरच्या उंच पुलावरून अशी केलेली आहे, की मोटारवाल्याला घाट लागल्याचं जाणवूही नये. अशा कामांच्या कोनशिलेवर मंत्र्यांची नावं असतात, खाली अधिकाऱ्यांची, कधी कंपनीचं. सुरुंग लावणाऱ्यांची नावं कंत्राटदाराच्या हजेरीपटात असतात. १८५९ साली हजेरीपटाची अवस्था काय होती ते दंग्यावरून कळतंच. आज तो संगणकावर असतो, बँक खात्याशी जोडलेला. म्हणजे कोनशिलेच्या शेजारी ती नावं लावायची ठरवली, तर ‘नावं मिळत नाहीत’ ही सबब आता कुणाला सांगता येणार नाही.